पावसाचा हिशेब शाळेच्या वहीत

ऑक्टोबर १९७७ मध्ये तिबिलिसी येथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे ठरवण्यात आली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या आदेशामुळे हा विषय शाळा-महाविद्यालयांत अनिवार्य होण्याची वाट मोकळी झाली. मात्र प्रत्यक्षात वर्गात पोहोचतात ती पहिली दोन उद्दिष्टे. तिसरे घोषवाक्य स्पर्धेवर भागवले जाते आणि उरलेल्या दोहोंच्या जागी प्रकल्पवही येते, जी पुष्कळदा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चित्रे चिकटवून पूर्ण होते. माझ्या मते या शिक्षणाचे खरे मोल शेवटच्या दोन उद्दिष्टांत आहे आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावात स्पष्ट दिसते.

पर्जन्यछायेतील या गावात वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात येथे पाणलोटाची कामे झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी चर्चा होते ती गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती झाला हे मोजून, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात हे ग्रामसभा ठरवते. या मोजणीत शाळेतील मुलांचाही सहभाग असतो.

मोजणी अवघड नाही. पर्जन्यमापकात साठलेले पाणी सकाळी साडेआठ वाजता मोजनळीत ओतायचे, नळी सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीशी आणायचा आणि काचेलगत वर चढलेली कड सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा लिहायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, अर्थात उन्हाळ्यात गावात येणारा साधारण एक टँकर. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर धरले, तर ४०० मिलिमीटरचे सुमारे ३९० कोटी लिटर होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातील बराच भाग बाष्पीभवनाने आणि वनस्पतींवाटे हवेत परत जातो, काही वाहून जातो आणि थोडाच जमिनीत मुरतो.

त्या मुरलेल्या पाण्याचे गणित तर आणखी बोलके आहे. दख्खनचा काळा पाषाण स्वतः फारसे पाणी धरत नाही. ते राहते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. अशा खडकाच्या एका घनमीटरातून अंदाजे वीस लिटर पाणी उपसता येते असे मानले, तर २० मिलिमीटर पाणी (म्हणजे दर चौरस मीटरवर वीस लिटर) मुरताच विहिरीची पातळी मीटरभर चढते, आणि तेवढ्याच उपशाने ती मीटरभर उतरते. उसाला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. ४०० मिलिमीटरचा सगळा पाऊस पिकालाच मिळाला असे उदारपणे धरले, तरी उरलेल्या १६०० मिलिमीटरसाठी शेताखालचा ८० मीटर खडक रिता करावा लागेल. मुरमाचा थर मात्र बहुधा दहा-वीस मीटरांपुरताच असतो. आठवीच्या मुलीला हा गुणाकार-भागाकार सहज जमतो आणि गावाने उसावर बंदी का घातली, शेतीसाठी बोअरवेल का नाकारल्या, हे तिला कोणी वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

अर्थात, नुसत्या मोजणीने पाणी वाचत नाही. ग्रामसभेने नियम करावा लागतो आणि आपल्याच भावकीतल्या माणसाला तो लावण्याची तयारी लागते. त्याचा पाठ शाळा देऊ शकत नाही. पण आकडे शाळेने ठेवलेले असले, तर निदान पाणी किती आहे यावरून तरी वाद होत नाहीत.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. शाळांनी त्याच महिन्यांत वजन बांधलेली टेप सोडून गावातील पाच-सहा विहिरी मोजल्या, तर यंत्रणेच्या नोंदींशी त्या ताडून पाहता येतील. शेजारच्या दोन गावांच्या शाळांनी हे काम मिळून केले, तर शिवेच्या एका बाजूच्या उपशाने दुसऱ्या बाजूची विहीर किती उतरते, हेही काही वर्षांत त्यांच्या वहीत दिसू लागेल.