पिक्सेल दुप्पट, बटण तेवढंच

नवा फोन घेतलेल्या एका मित्राची तक्रार होती : "जुन्या फोनपेक्षा दुप्पट पिक्सेल आहेत म्हणे. मग ॲपमध्ये ओळी तेवढ्याच का दिसतात?" जाहिराती पिक्सेल अशा थाटात मोजून दाखवतात, जणू चौरस फुटांचा हिशेब चाललाय. पण पिक्सेल म्हणजे जागा नव्हे, नुसता ठिपका. तो केवढा असावा याला काही धरबंध नाही.

२००७ च्या पहिल्या आयफोनवर ३२० × ४८० ठिपके होते, म्हणजे इंचाला १६३. २०१० च्या आयफोन ४ चा पडदाही ३.५ इंचीच, पण ठिपके ६४० × ९६०, इंचाला ३२६. एखाद्या ॲपमध्ये 'बटण ४४ पिक्सेल उंच' असं लिहिलं असेल, तर ते पहिल्या फोनवर जेमतेम ७ मिलिमीटर भरतं आणि दुसऱ्यावर साडेतीनच्या आत. बोट मात्र तेच. म्हणून ॲपलने मोजायला 'पॉइंट' घेतला. जुन्या फोनवर एक पॉइंट म्हणजे एक ठिपका, नव्यावर २ × २ असे चार. अक्षरं लहान झाली नाहीत, रेखीव झाली. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

अँड्रॉइडवर फोन बनवणारे अनेक, त्यामुळे दाटीही, म्हणजे इंचाला किती ठिपके तेही, नाना प्रकारची. तिथे 'डीपी' हे एकक चालतं. इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ ठिपका; बाकी ठिकाणी डीपीला दाटीने गुणायचं आणि १६० ने भागायचं. बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी असावी, अशी गूगलची शिफारस आहे. १६० दाटीला ते ४८ ठिपके, २४० ला ७२, ३२० ला ९६, ४८० ला १४४. प्रत्येक वेळी लांबी ०.३ इंच, म्हणजे ७.६ मिलिमीटर. (प्रत्यक्षात फोन आपली दाटी ठरावीक टप्प्यांवर आणून सांगतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं.)

खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला फार आवडते. अर्धा ठिपका पेटवता येत नाही. २४० दाटीच्या पडद्यावर १ डीपी जाडीची रेघ दीड ठिपक्यांची होते. मग ती एक करायची की दोन? एक पूर्ण आणि शेजारचा फिका ठेवला, तर रेघ धुरकट दिसते.

आता आठवड्याचे सात रकाने असलेली दिनदर्शिका घ्या. पडदा १०८० ठिपके रुंद. सातने भागलं की १५४.२८… प्रत्येक रकाना १५४ चा केला तर १०७८ भरतात आणि उजव्या कडेला दोन ठिपक्यांची फट राहते. १५५ केला तर १०८५, शनिवार पाच ठिपके बाहेर. उपाय असा, की रकान्याची रुंदी पूर्णांकात आणायचीच नाही. रेघेची जागा आणायची. तिसरी रेघ ३ × १०८० ÷ ७, म्हणजे ४६२.८६ वर, म्हणून ४६३ वर. अशा रेघा येतात १५४, ३०९, ४६३, ६१७, ७७१, ९२६ आणि बरोब्बर १०८० वर. यात दोन रकाने एकेका ठिपक्याने गुबगुबीत झाले, पण चूक साचत गेली नाही. रुंदी बेरजेत वापरली की चुकांचीही बेरीज होते. रेघ दर वेळी मुळापासून मोजली की चूक अर्ध्या ठिपक्यापलीकडे जातच नाही.

तो गुबगुबीतपणा दिसत नाही का? ४८० दाटीला एक ठिपका ०.०५३ मिलिमीटरचा. साधारण चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग ओळखते, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून सुमारे ०.०८७ मिलिमीटर. हिशेब केला तर इंचाला सुमारे २९० ठिपके; त्याहून दाट ठिपके अशा नजरेला वेगळे दिसत नाहीत. काहींची नजर याहून तेज असते, तरी 'आणखी दाट, आणखी जिवंत' या जाहिरातीतला जिवंतपणा बहुतेक डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. बॅटरीपर्यंत पोचतो.

डीपीमुळे माप जमलं, आकाराचा प्रश्न उरतोच. ६०० डीपीहून अरुंद खिडकीत एकच यादी, ८४० पासून पुढे यादी आणि मजकूर शेजारीशेजारी, असा ढोबळ रिवाज आहे. मधल्या पट्ट्यात प्रत्येकाचं आपलं मत. 'खिडकी' म्हटलं, 'फोन' नव्हे, कारण पडदा दोन ॲपमध्ये विभागला किंवा घडीचा फोन उघडला की तेच ॲप क्षणात दुसऱ्या मापात जातं. 'हा टॅबलेट आहे का?' असं विचारणारा कोड तिथेच फसतो.

अक्षरांचं माप तर वापरणाऱ्याच्या हातात असतं. अँड्रॉइड १४ मध्ये ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. इंग्रजी अक्षरांवर चाचणी करून ४८ डीपी उंचीत कोंडलेल्या बटणात मग 'पूर्ण' मधला ऊकार खालून छाटला जातो, वरचा रफार कडेला टेकतो, आणि दिसतं ते 'पर्ण'. ४८ ही नेमकी उंची न ठेवता किमान उंची ठेवली, तर बटण अक्षरांबरोबर वाढतं आणि ऊकार जागेवर राहतो.