पॅरिसने बाहेर ठेवलेला प्रश्न

पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेची नियमावली १८६६ सालची. तिचं दुसरं कलम सांगतं की भाषेची उत्पत्ती किंवा विश्वभाषेची निर्मिती या दोन विषयांवरचा कोणताही निबंध संस्था स्वीकारणार नाही. भाषेचा अभ्यास करायला जमलेल्या मंडळींनी भाषा मुळात आली कुठून, हाच प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवला. आज याच प्रश्नावर दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. तिची पार्श्वभूमी सांगायची तर सुरुवात या कलमापासूनच करावी लागते, आणि बहुतेक जण ते सांगताना थोडं हसतात. मला मात्र वाटतं, त्या काळी या विषयावर जे चाललं होतं ते पाहिलं असतं तर आपणही त्या कलमाखाली सही ठोकली असती.

प्रश्न जुनाच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तच्या सामेटिकस राजाची गोष्ट सांगितली आहे. राजाने दोन तान्ही मुलं एका धनगराकडे दिली आणि त्यांच्यासमोर कोणी एक शब्दही बोलायचा नाही असा हुकूम सोडला. दोन वर्षांनी मुलं 'बेकोस' म्हणाली. आजच्या तुर्कस्तानात पूर्वी बोलल्या जाणाऱ्या फ्रिजियन भाषेत बेकोस म्हणजे भाकरी, म्हणून फ्रिजियन ही सगळ्यात जुनी भाषा, असं राजाने मान्य केलं. मुलं शेळ्यांमध्ये वाढली होती आणि 'बेऽऽ' कुठून आलं असेल हे कोणाही मेंढपाळाने सांगितलं असतं, पण ते असो. आपल्याकडे अकबरानेही असाच प्रयोग केला. मुक्या वातावरणात मुलं वाढवली, आणि काही वर्षांनी तिथे गेल्यावर त्याला बोलणं असं काही ऐकूच आलं नाही. राजेमहाराजांच्या प्रयोगांत निष्कर्ष काढण्यात अकबर जास्त प्रामाणिक ठरला म्हणायचा.

अठराव्या शतकात हा विषय विद्वानांच्या हाती गेला. बर्लिनच्या अकादमीने १७६९ साली त्यावर निबंधस्पर्धाच लावली आणि जर्मन विचारवंत हर्डर ती जिंकला. पुढे १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि प्रश्नाला धार चढली. माणूस प्राण्यांतून आला असेल तर बोलणंही तिथूनच यायला हवं. इथे मॅक्सम्युलर आडवे आले. ऋग्वेदाचे संपादक, आपल्या जुन्या पिढीचे मोक्षमुल्लर भट्ट, तेच हे. १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी बजावलं की भाषा ही माणूस आणि पशू यांच्यामधली नदी आहे, ती ओलांडायची कुठल्या जनावराची छाती होणार नाही. प्रचलित सिद्धांतांना त्यांनी टोपणनावंही ठेवली. प्राण्यांच्या आवाजाच्या नकलेतून शब्द आले असं म्हणणाऱ्यांचा तो 'भूभू' सिद्धांत. दुःखाच्या, किळसेच्या उद्गारांतून आले म्हणणाऱ्यांचा 'शीऽ-थूऽ' सिद्धांत. मूळ नावं इंग्रजी कुत्र्याची आणि इंग्रजी तिटकाऱ्याची, पण मराठीत ती अशीच होतील.

चेष्टा वरवरची नव्हती. काव काव करतो तो कावळा, इथवर ठीक. पण 'उद्या', 'नको' आणि 'मेहुणा' हे शब्द कोणत्या पाखराने दिले? शिवाय नक्कलही सगळीकडे सारखी नाही. आपला कोंबडा कुकूचकू करतो, फ्रेंच कोंबडा कोकोरिको. मुख्य अडचण पुराव्याची. बोललेला शब्द हवेत विरतो, त्याचा जीवाश्म होत नाही. लेखन फार तर पाच हजार वर्षांचं, आणि सगळ्यात जुन्या लेखातली भाषाही आजच्या कुठल्याही भाषेइतकीच पूर्ण वाढलेली. त्यामुळे ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं आणि कोणालाच खोडता येऊ नये, अशी स्थिती झाली होती.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष अलेक्झांडर एलिस यांनी १८७३ च्या भाषणात वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. सगळ्या भाषांच्या उगमाविषयी तर्क लढवून रद्दीच्या टोपल्या भरण्यापेक्षा रोजच्या वापरातल्या एखाद्याच भाषेची वाढ कशी झाली ते शोधा, हाती जास्त लागेल. हा सल्ला ज्यांनी मनापासून पाळला त्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे. झ्यूल ब्लोक यांनी १९२० साली मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, वा. गो. परांजपे यांनी पुढे तो मराठीत आणला. 'हस्त'चा 'हत्थ' आणि 'हत्थ'चा 'हात' कसा झाला, असं एकेका ध्वनीच्या मागे जात केलेलं ते काम आहे. आणि हे ब्लोक कोण? तर पॅरिसच्या त्याच संस्थेचे पुढे दीर्घकाळ सचिव.

म्हणून इथे एक गल्लत टाळायला हवी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपल्याकडे भाषेच्या उत्पत्तीवर भरपूर बोललं गेलं. नाणेघाटातले लेख निघाले, गाथासप्तशती निघाली. तो प्रश्न मराठीच्या उत्पत्तीचा. त्याला शिलालेख आहेत, पोथ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांचा माग आहे. पॅरिसने दार बंद केलं ते दुसऱ्या प्रश्नाला: मुळात बोलणारा प्राणी झालाच कसा?

भाषाशास्त्रज्ञांनी तो सोडला तरी इतरांनी सोडला नाही. खरं तर बंदीच्या पाच वर्षं आधी त्याच पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका मृत रुग्णाचा मेंदू मानववंशशास्त्र संस्थेपुढे ठेवला होता. त्या माणसाला बोललेलं समजायचं, पण तोंडून 'टाँ' एवढंच निघायचं. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. बोलण्याला शरीरात काही ठावठिकाणा आहे म्हणजे त्याला जीवशास्त्रीय इतिहासही असणार. पुढे बराच काळ हा प्रश्न डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि हाडं शोधणाऱ्यांकडे राहिला.

१९६० नंतर त्याला पुन्हा जोर चढला. वॉशू नावाच्या चिंपांझी मादीला बधिरांच्या खुणा शिकवण्यात आल्या. १९७१ मध्ये लिबरमन आणि क्रेलिन या संशोधकांनी निअँडरथलचा, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंद मानवाचा, घसा आपल्यासारखे स्वर काढू शकत नव्हता असा दावा केला. मग सप्टेंबर १९७५ मध्ये न्यूयॉर्क अकादमी ऑफ सायन्सेसने भाषेच्या उगमावर परिषद भरवली. स्टेव्हन हार्नाड तिच्या आयोजकांपैकी. अमेरिकेचे नामवंत भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीही तिथे बोलले. मेंदूवाले, वानरवाले, दगडी हत्यारंवाले आणि व्याकरणवाले एका छताखाली आले. पुढच्या वर्षी निघालेला वृत्तांत नऊशे पानांच्या वर गेला.

त्यानंतर सरळ प्रगती झाली असं नाही. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफिती पुन्हा तपासल्या आणि तो बहुतेक वेळा शिक्षकाच्याच खुणा परत करतो, असं जाहीर केलं. वानरं बोलू लागली म्हणणाऱ्यांचा तो मोठाच हिरमोड. उलट १९८३ मध्ये इस्राएलच्या केबारा गुहेत निअँडरथलचं जिभेच्या मुळाशी असणारं, घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड सापडलं. सुमारे साठ हजार वर्षांचं, आणि आकाराने जवळजवळ आपल्यासारखंच. घशाचा वाद पुन्हा उभा राहिला. १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ पिंकर आणि ब्लूम यांनी भाषाही डोळ्यासारखी नैसर्गिक निवडीतूनच घडली असावी असा सविस्तर लेख लिहिला, आणि त्यावर उघडपणे भांडायला सगळे मोकळे झाले.

भांडायला जागा हवी होती. ती १९९६ मध्ये एडिंबरामध्ये मिळाली. तिथले भाषाशास्त्रज्ञ जिम हरफर्ड यांच्या पुढाकाराने भरलेली ही बैठक म्हणजे 'इव्होलँग'ची, सुरुवातीला सांगितलेल्या त्या दर दोन वर्षांच्या परिषदेची, पहिली खेप. मग लंडन, पॅरिस, हार्वर्ड, लाइप्झिग, रोम, बार्सिलोना, युट्रेक्ट, क्योटो, व्हिएन्ना. म्हणजे २००० साली परिषद चक्क पॅरिसलाच भरली. १८६६ च्या मंडळींना काय वाटलं असतं कोण जाणे. २०२० ची ब्रुसेल्सची बैठक करोनाने रद्द झाली, २०२४ ची अमेरिकेत मॅडिसनला झाली.

वाद मिटलेले नाहीत. हाउसर, चॉम्स्की आणि फिच यांनी २००२ मध्ये मांडलं की माणसाच्या भाषेचं खास वैशिष्ट्य म्हणजे रचनेत रचना बसवत जाणं: 'शेजारच्या काकूंच्या भाच्याच्या मित्राचा कुत्रा' आपण आणखी कितीही लांबवू शकतो. एवढ्यावरच सगळं तोललेलं नाही, असं पिंकर आणि जॅकेनडॉफ यांनी त्यांना ठणकावलं.

एडिंबराच्याच सायमन कर्बी आणि सहकाऱ्यांचा २००८ चा एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. पडद्यावर सत्तावीस चित्रं: चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, प्रत्येक काळा, निळा, लाल, आणि प्रत्येक आडवा सरकणारा, उड्या मारणारा किंवा गिरकी घेणारा. प्रत्येकाला एक निरर्थक नाव. पहिल्या माणसाला त्यांतली फक्त काही नावं शिकवायची आणि मग सगळ्यांची विचारायची, न शिकवलेल्यांचीही. त्याची उत्तरं हीच दुसऱ्याची शिकवणी. कानगोष्टींचा खेळच, दहा 'पिढ्या' चाललेला. आपण साखळीत आहोत हे कोणालाच ठाऊक नाही. प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा भाषा आक्रसली, एकाच शब्दात अनेक चित्रं भरली गेली. मग दुसऱ्यांदा करताना एकाहून जास्त चित्रांना लागलेलं नाव पुढे देताना गाळायचं ठरवलं. तेव्हा शब्दांना तुकडे पडू लागले: सुरुवातीवरून रंग कळायचा, शेवटावरून हालचाल. कोणी व्याकरण रचायला बसलं नव्हतं. शिकणाऱ्याला सगळं लक्षात ठेवता येत नाही, एवढ्याच अडचणीतून ते आलं.

पॅरिसच्या कलमात दोन गोष्टी निषिद्ध होत्या, भाषेचा उगम आणि नवी भाषा घडवणं. या प्रयोगात पहिलीचा शोध दुसरीच्या वाटेने घेतला आहे.