थ्रेडला ‘थांब’ कसं सांगायचं?

हजार फोटो लहान आकाराचे करून ठेवायचे आहेत. काम लवकर उरकावं म्हणून प्रोग्राम चार वर्कर थ्रेड सुरू करतो आणि सगळे फोटो एका रांगेत लावतो. जो थ्रेड मोकळा होईल त्याने रांगेतला पुढचा फोटो उचलायचा. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे पुढे सरकणारं काम. चौघांची चाल वेगळी, मेमरी मात्र सामाईक. सगळं सुरळीत चाललेलं असताना ४१२ वा फोटो खराब निघतो आणि तो उचललेला थ्रेड एरर येऊन तिथेच संपतो. बाकीच्या तिघांना हे कसं कळणार? आणि चौघांची वाट बघत बसलेल्या मुख्य थ्रेडला?

बऱ्याचदा कळतच नाही. जावा आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये अशी न पकडलेली एरर फक्त त्या थ्रेडपुरती राहते: एररचा मजकूर कुठेतरी छापला जातो, तो थ्रेड जातो, प्रोग्राम चालूच. सी++ मध्ये उलट, अख्खा प्रोग्राम बंद पडतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्लॅटफॉर्मच्या सुरुवातीच्या आवृत्त्या वर्कर थ्रेडमधली एरर गिळून टाकत. २००५ च्या २.० आवृत्तीपासून त्यांनीही प्रोग्राम बंद पाडायला सुरुवात केली. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण मला तेच बरं वाटतं. बंद पडलेला प्रोग्राम निदान दिसतो. तीन थ्रेडवर चाललेला आणि शेवटी ‘काम पूर्ण’ म्हणणारा प्रोग्राम एक फोटो कमी देतो आणि त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

आता समजा एरर कळली आणि उरलेल्या तिघांना थांबवायचं ठरलं. त्यांना सरळ मारून का टाकू नये? १९९६ मध्ये आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत यासाठी ‘स्टॉप’ नावाची सोयच होती. १९९८ मध्ये तिच्यावर ‘वापरू नका’ असा शिक्का बसला, आणि २०२३ च्या जावा २० पासून ती वापरायला गेलं तर थ्रेड थांबत नाही, फक्त एरर मिळते.

कारण सामाईक मेमरीत आहे. एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करणारा थ्रेड डोळ्यांसमोर आणा. हे दोन टप्पे चालू असताना कुणी मध्ये येऊ नये म्हणून तो लॉक घेतो. वजा झालं, जमा व्हायचंय, आणि नेमका तेव्हाच तो मारला गेला. जावाचा ‘स्टॉप’ त्याच्या हातातला लॉक सोडून देत असे. मग दुसरे थ्रेड आत शिरून ते अर्धवट खातं खरं मानत. विंडोजमध्ये थ्रेड जबरदस्तीने संपवला तर काही प्रकारचे लॉक सुटतच नाहीत आणि त्यांची वाट बघणारे कायमचे अडकतात. नुकसान दोन्हीकडे आहे, फक्त तऱ्हा वेगळी.

म्हणून थ्रेडला मारायचं नसतं, थांबण्याची विनंती करायची असते. एक खूण ठेवायची, आणि प्रत्येक थ्रेडने नवा फोटो उचलण्याआधी ती बघायची. हातातलं काम नीट संपवायचं, लॉक सोडायचा, निघायचं. हे सोपं वाटतं, पण इथेच सर्वाधिक चुका होतात. साध्या व्हेरिएबलची खूण असेल तर ‘या लूपमध्ये हिची किंमत बदलत नाही’ असं गृहीत धरून कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं साधन) ती एकदाच वाचू शकतो, आणि थ्रेड कायम फिरत राहतो. म्हणून जावामध्ये ती ‘व्होलाटाइल’ आणि सी++ मध्ये ‘अॅटॉमिक’ करावी लागते, म्हणजे दुसऱ्या थ्रेडने केलेला बदल दिसतो. शिवाय रांग रिकामी म्हणून झोपलेला थ्रेड खूण बघणारच कशी? त्याला आधी उठवावं लागतं. जावातलं ‘इंटरप्ट’ तेच करतं: झोपेतला थ्रेड एक खास एरर घेऊन जागा होतो. ती एरर पकडून, तिचं काहीच न करता, रिकामा कंस ठेवून देण्याची सवय मी फार ठिकाणी पाहिली आहे. त्या क्षणी थांबण्याची विनंती पुसली जाते आणि थ्रेड काही झालंच नाही असा पुन्हा रांगेत उभा राहतो.

एरलँग या भाषेत मात्र मारणं चालतं. तिथल्या प्रक्रिया, म्हणजे थ्रेडसारखी स्वतंत्र कामं, मेमरी वाटून घेत नाहीत, निरोपांवरच बोलतात. त्यामुळे एक मेली तरी दुसरीच्या मेमरीत काही अर्धवट राहत नाही.

विनंती वरून खाली जाते, तशी एरर खालून वर यायला हवी. त्यासाठी ‘फ्यूचर’ हा चांगला मार्ग: थ्रेडचं उत्तर किंवा त्याची एरर त्यात साठते, आणि उत्तर मागणाऱ्याच्या हाती तीच एरर पडते. ती एरर म्हणूनच पोचायला हवी. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. त्यात थ्रेडचा प्रश्न नव्हता, पण एरर हाताळली जाणं आणि ती एरर म्हणूनच पोचणं, या दोन्ही गोष्टी चुकल्या होत्या. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना दिशादर्शक संगणकात एरर आली, तिला हाताळणारं कुणी नव्हतं, संगणक बंद झाला. जाताना त्याने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची आकडेवारी समजून वाचली. राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. आणि ज्या गणितात ही एरर आली, त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या एरियान ४ साठीच्या अटीमुळे ते चालू राहिलं होतं.

आपल्या फोटोंकडे येऊ. खराब फोटो उचललेला थ्रेड आता एरर साठवतो, थांबण्याची खूण लावतो, झोपलेल्यांना उठवतो. बाकीचे तिघे हातातला फोटो पूर्ण करून निघतात. सी++२० मधला ‘जेथ्रेड’ हा थ्रेड सांभाळणारा प्रकार स्वतः नष्ट होताना थांबण्याची विनंती आणि वाट बघणं ही दोन्ही कामं आपोआप करतो, म्हणजे तिथे विसरायला फारसं काही उरत नाही. मुख्य थ्रेड चौघांची वाट बघतो, आणि चौघेही संपल्यावरच ४१२ व्या फोटोचं नाव आणि त्याची एरर पडद्यावर दाखवतो.