घटातलं रोप आणि सहारातली शेळी

नवरात्रात घट बसवतो ना आपण, मातीत गहू-ज्वारी पेरतो, रोज थोडं पाणी घालतो आणि नवव्या दिवशी वीतभर उंच रोपं डोलत असतात. खत नाही, ऊन नाही, माती पण नावालाच, तरी एवढं वाढतं कसं, हा प्रश्न लहानपणी मला पडायचा. त्याचं उत्तर पुढे नीट कळलं ते सहारा वाळवंटातल्या निर्वासितांबद्दल वाचताना, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितेय.

अल्जेरियाच्या नैऋत्य टोकाला तिंदूफ नावाचं गाव आहे, त्याच्या आसपास सहरावी लोकांचे पाच कॅम्प आहेत. हे लोक मूळचे पश्चिम सहाराचे, म्हणजे मोरोक्कोच्या दक्षिणेला लागून असलेल्या प्रदेशाचे, जो तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. 1975 मध्ये स्पेन तिथून निघाला, मोरोक्को आणि मॉरिटानियाचं सैन्य आत आलं, युद्ध पेटलं आणि बायका-मुलं जीव घेऊन वाळवंट तुडवत इथे आली. तात्पुरते तंबू टाकले होते, त्याला आता सुमारे पन्नास वर्षं झाली! 2018 च्या युएनच्या अंदाजाप्रमाणे 1,73,600 लोक तिथे राहतात. नातवंडं कॅम्पातच जन्मली, त्यांनी आपलं गाव पाहिलेलंही नाही.

जागा कशी, तर वाळूच्या सुंदर टेकड्या वगैरे नाहीत, नुसता दगडगोट्यांचा सपाट माळ, त्याला हमादा म्हणतात. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. पाऊस जवळपास नाहीच, आणि आला तर असा येतो की 2006 आणि 2015 मध्ये मातीची घरं अक्षरशः विरघळली. पीठ, डाळी, तेल, साखर हे रेशन मदत म्हणून बाहेरून येतं, त्याने पोट भरतं पण दूध, भाजी, मांस यांची बोंब. त्यामुळे बायका-पोरांमध्ये ॲनिमिया भरपूर.

आता हे लोक मुळात भटके पशुपालक, उंट आणि शेळ्या म्हणजे त्यांचा जीव. म्हणून कॅम्पच्या कडेला भंगारातले पत्रे आणि तारा जोडून त्यांनी गोठे केले आणि शेळ्या पाळल्या. पण चारा कुठून आणणार? शेळ्या कचऱ्यावर जगायच्या, पुठ्ठा, कागद, उष्टं, आणि त्याबरोबर प्लास्टिक. पुठ्ठ्यात सेल्युलोज असतं, शेळीच्या पोटातले जंतू ते थोडंफार पचवतात, प्लास्टिक मात्र पचत नाही, त्याचा पोटात गोळा होऊन बसतो आणि जनावर हळूहळू खंगतं. अशा शेळीचं दूध ते किती आणि कसलं.

तालेब ब्राहिम हा त्यांच्यातलाच एक शेतीतज्ज्ञ, स्वतः निर्वासित. मातीशिवाय, थोड्याशा पाण्यात बार्लीचा हिरवा चारा उगवायचा उद्योग त्याने मनावर घेतला, आणि 2017 च्या सुमारास जागतिक अन्न कार्यक्रम, म्हणजे डब्ल्यूएफपी, त्याच्याबरोबर या कामात उतरला. यालाच हायड्रोपोनिक चारा म्हणतात. कृती आपल्या मोड आणण्यासारखीच आहे, बार्ली रात्रभर भिजवायची, ट्रेमध्ये पातळ पसरायची, दिवसातून काही वेळा पाणी शिंपडायचं, आठवड्याभरात खाली मुळांची सतरंजी आणि वर वीतभर हिरवं गवत. ती सतरंजी गुंडाळून मुळासकट शेळीपुढे टाकायची, काहीच वाया जात नाही. उघड्या शेतापेक्षा पाणी 90 टक्क्यांपर्यंत कमी लागतं असं डब्ल्यूएफपी सांगतं, आणि त्यात नवल नाही कारण मातीत पाणी झिरपून जाणं नाही, उन्हाने उडून जाणं कमी, आणि ट्रेमधून गळलेलं पाणी परत वापरता येतं.

दाण्याच्या आत जे होतं ते मला फार आवडतं. प्रत्येक दाणा म्हणजे एक झोपलेलं बाळ आणि त्याची शिदोरी. पाणी मिळालं की बाळ जागं होतं, जिबरेलिन नावाचं हार्मोन सोडतं, त्याचा निरोप दाण्याच्या सालीखालच्या थराला पोचतो, तो थर अमायलेज हे एन्झाइम तयार करतो आणि ते स्टार्च तोडून साखर करतं. नाचणीला मोड आणून सत्व करतो तेव्हा ते गोडसर लागतं ते यामुळेच. पहिला आठवडा रोप या शिदोरीवरच जगतं, म्हणून घटाला खत लागत नाही. आणि घट देवघराच्या अंधारात असतो म्हणून रोपं पिवळट राहतात, उजेड मिळाला की हरितद्रव्य बनतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हे तंत्र विकणारे ती सांगत नाहीत. एक किलो दाण्याचा सहा किलो चारा होतो हे खरं, पण वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाणी आहे. एक किलो बार्लीत साधारण 900 ग्रॅम कोरडा भाग, म्हणजे पाणी सोडून उरतं ते, असतो, आणि सहा किलो चाऱ्यात तो 13 टक्के धरला तर 780 ग्रॅमच भरतो, कारण उगवताना रोपाने श्वासोच्छ्वासात काही साखर जाळलेली असते. म्हणजे अन्न वाढत नाही, थोडं कमीच होतं. मग फायदा काय? तर दाणा पचायला सोपा होतो, बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व वाढतं, आणि जिथे हिरवी काडी नाही तिथे हिरवं मिळतं. पुठ्ठा खाणाऱ्या शेळीला एवढंही फार मोठं आहे. तिथल्या पाळणाऱ्या बायका सांगतात की दूध वाढलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे असं मला वाटतं. सुरुवातीला बंद कंटेनरवाली महागडी यंत्रणा होती, एसी, पंप, टायमर सगळं. चारा यायचा, पण एक भाग बिघडला की वाळवंटात कोण दुरुस्त करणार आणि वीज कुठून आणणार? मग तिथल्याच लोकांनी मिळेल त्या सामानात, साध्या मांडण्या आणि सावलीची शेड असं स्वस्त मॉडेल बसवलं, जे बिघडलं तर घरातली बाई स्वतः नीट करू शकते. पुढे हेच तंत्र चाडसारख्या देशांतही गेलं. जपायचं असतं ते बुरशीला, ऊब आणि ओल एकत्र आली की ती लागणारच, आणि मोड आलेल्या धान्यावरच्या एका बुरशीने गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत, म्हणून ट्रे दरवेळी ब्लीचने धुवावे लागतात.

आपल्याकडेही हाच प्रवास झालाय. गोव्यात आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, संशोधन केंद्रात मक्याच्या अशा चाऱ्यावर काम झालं, आणि दुष्काळात चारा छावण्या लागल्या तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनी बांबू, शेडनेट आणि फवारणीचा पंप वापरून घराशेजारी हा चारा घेतला. कोणी करून बघणार असेल तर बियाण्याच्या दुकानातलं रंगीत औषध लावलेलं बी चुकूनही घेऊ नका, साधा खायचा मका घ्या.

तिंदूफला मात्र बार्ली अजूनही बाहेरूनच ट्रकने येते, हमादात ती पिकत नाही. दाणा मदतीचा, चारा आणि दूध त्यांचं स्वतःचं, एवढ्यापर्यंत ते लोक आलेत.