भट्टतिरिपाड, वेळ्ळित्तुरुत्ति ताळत्तु

(२६ मार्च १८९६ – १२ फेब्रुवारी १९८२). केरळातील समाजसुधारक आणि मल्याळम् नाटककार व आत्मचरित्रकार. ‘व्ही. टी.’ या आद्याक्षरांनीच ते सर्वत्र ओळखले जातात. त्यांचे घराणे तत्कालीन मलबार जिल्ह्यातील मेळत्तूर (सध्याचा पालक्काड जिल्हा) येथील असल्यामुळे काही ठिकाणी तेच जन्मस्थळ म्हणून दिले जाते; तथापि अंगमालीजवळच्या किडंगूर येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला असे मानणे अधिक ग्राह्य वाटते.

नंबूद्री ब्राह्मणांच्या रीतीप्रमाणे त्यांचे बालपण वेदपठणात गेले. षोरनूरजवळच्या मुंडमुक येथील शास्ता (अय्यप्पन) या देवाच्या देवळात ते पुजारी असताना एका शाळकरी मुलीने त्यांना गणित समजावून देण्यास सांगितले. वेद मुखोद्गत असलेल्या या तरुणाला मल्याळम् अक्षरओळखही नव्हती. पुढे त्याच मुलीकडून ते अक्षरे शिकले आणि एका कागदाच्या तुकड्यावरील छत्रीची जाहिरात त्यांनी प्रथम स्वतः वाचली. ही हकीकत मुख्यतः त्यांच्याच आठवणींवर आधारलेली असून तिचा काळ वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास धरला जातो. १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाला ते गेले व त्याबद्दल त्यांना जातीतील सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

त्यांच्या कार्याचे मर्म नंबूद्री विवाहपद्धतीत आहे. घरातील थोरल्या मुलालाच स्वजातीत विवाह करण्याची मुभा असे. धाकटे भाऊ (अप्फन) नायर स्त्रियांशी ‘संबंधम्’ (विधिवत स्वजातीय विवाहाहून वेगळे, सैल वैवाहिक नाते) ठेवीत आणि त्या संततीला पित्याच्या इल्लमात, म्हणजे घराण्यात, वाटा नसे. मालमत्ता अविभक्त राही, पण जातीतील मुलींसाठी वर अपुरे पडत. त्यामुळे हुंडा, बहुपत्नीत्व, वृद्धाशी लग्न आणि अकाली वैधव्य हे ओघानेच आले. ‘अंतर्जनम्’ म्हणजे आतली माणसे, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नंबूद्री स्त्रिया बाहेर पडल्याच तर अंगभर वस्त्र पांघरून व ताडाच्या पानांच्या छत्रीआड चेहरा लपवूनच जात. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या योगक्षेम सभेत, म्हणजे नंबूद्रींच्या सुधारणा-संस्थेत, मालमत्ता व इंग्रजी शिक्षणाचे प्रश्न आधी आले. स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आणला तो व्ही. टी. आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, ‘उण्णि नंबूदिरी’ या नियतकालिकाच्या आधारे.

‘अडुक्कळयिल् निन्नु अरंगत्तेक्कु’ (स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे) हे त्यांचे नाटक डिसेंबर १९२९ मध्ये त्रिचूरजवळच्या एडक्कुन्नी येथे प्रथम सादर झाले. वृद्ध नंबूद्रीशी ठरलेले तेत्ती या तरुणीचे लग्न माधवन हा तरुण न्यायालयाच्या मनाईहुकुमाने थांबवतो, अशी त्याची कथा आहे. हे मल्याळममधील पहिले सामाजिक नाटक होय, असे विधान अनेकदा केले जाते. परंतु कोच्चीप्पन तरकन यांचे ‘मरियाम्मा’ नाटक त्यापूर्वीचे असल्याने ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ज्या समाजाविषयी लिहिले त्याच समाजातील तरुणांनी, त्याच समाजापुढे केलेले आणि आंदोलनाचे साधन झालेले पहिले प्रभावी नाटक, असे त्याचे वर्णन अधिक न्याय्य ठरेल. त्याच्या पाठोपाठ एम्. आर्. भट्टतिरिपाड (एम्. आर्. बी.) आणि त्यांचे बंधू प्रेमजी यांचीही याच विषयावरील नाटके आली.

१९३१ मध्ये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी व्ही. टीं.नी त्रिचूरपासून उत्तरेकडे चंद्रगिरी नदीपर्यंत ‘याचनायात्रा’ काढली. १३ सप्टेंबर १९३४ रोजी त्यांची विधवा मेहुणी उमा अंतर्जनम् हिचा विवाह एम्. आर्. बीं.शी व्ही. टीं.च्याच घरी झाला. नंबूद्री समाजातील हा पहिला विधवाविवाह. वधू स्वतःच्याच नात्यातील होती, यामुळे रंगमंचावरील शब्दाला प्रत्यक्ष कृतीचे वजन आले. नंतर त्यांनी आपल्या बहिणीचा विवाह नायर पुरुषाशी करून दिला. ‘आता देवळांना आग लावू या’ या अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेख (१९३३ च्या सुमारास) विशेष गाजला. १९६८ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, मिश्रविवाहाच्या प्रचारार्थ उत्तर केरळातील काञ्ञंगाडपासून दक्षिणेतील चेम्पळंतीपर्यंत निघालेल्या पदयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले.

त्यांच्या कथा ‘रजनीरंगम्’ या संग्रहात आहेत. ‘कण्णीरुम् किनावुम्’ (अश्रू आणि स्वप्न) या आत्मचरित्राला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इल्लमातील दैनंदिन जीवनाचे त्यातील चित्रण नाटकापेक्षाही सूक्ष्म आहे.