सांगली लागते, धारवाड लागते

कर्नाटकातील चिकोडी तालुक्याच्या कृष्णाकाठच्या गावांचे पावसाळ्यात दोन आकड्यांकडे लक्ष असते: कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडले आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी किती फुटांवर गेली. धरण आणि पूल दोन्ही महाराष्ट्रात असले तरी ते पाणी पुढे याच गावांच्या शिवारात शिरते. त्यामुळे महाराष्ट्रातील आकाशवाणी केंद्रांवरची पुराची बातमी इथे गावचीच बातमी म्हणून ऐकली जाते. ती कानावर पडणार की नाही, हे मात्र लहरींच्या लांबीवर, जमिनीवर आणि घड्याळावर ठरते.

सीमाभागातील जुन्या श्रोत्यांना दोन केंद्रे विशेष परिचयाची आहेत. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले आणि सांगली केंद्र १९६३ साली. मध्यम लहरींवर धारवाडची कंप्रता ७६५ किलोहर्ट्झ, तर सांगलीची १२५१. म्हणजे त्यांच्या लहरींची लांबी अनुक्रमे सुमारे ३९२ आणि २४० मीटर. इतक्या लांब लहरी जमिनीला धरून वळत जातात आणि टेकड्यांना वळसा घालू शकतात. लहर जितकी लांब आणि जमीन जितकी ओलसर, तितकी ती जमिनीत कमी मुरते. बेळगावहून धारवाड सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आसपास आणि सांगली ११० च्या आसपास आहे, शिवाय धारवाडचा प्रक्षेपकही अधिक शक्तिशाली. मग धारवाड खणखणीत आणि सांगली जरा खरखरत लागली, तर नवल नाही.

यावर घरोघरी एक उपाय ठाऊक असे, तो म्हणजे ट्रान्झिस्टर फिरवून ठेवणे. त्याच्या पोटात लहरी पकडणारी फेराइटची काळी कांडी असते, आणि ती केंद्राच्या दिशेशी काटकोनात आडवी असताना आवाज सर्वांत मोठा येतो. सांगली उत्तरेला, म्हणून कांडी पूर्व-पश्चिम हवी. धारवाड आग्नेयेला, म्हणून तोंड बदलावे लागते. कांडीचे टोक नेमके केंद्राकडे वळले की तेच केंद्र जवळजवळ नाहीसे होते.

रात्री चित्र पालटते. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे विद्युतभारित हवेचा, थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. जमिनीवरून आलेली लहर व आकाशातून उतरलेली लहर कधी एकमेकींना बळ देतात, कधी मारतात. बातम्या ऐन रंगात असताना आवाज बुडतो तो यामुळेच.

एफएमचा मामला निराळा आहे. बेळगावच्या ‘वेणुध्वनी’ या सामुदायिक केंद्राची ९०.४ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३.३ मीटर लांबीची, त्यामुळे ती डोंगराआड फारशी वळत नाही. अशा केंद्रांना साधारणतः १०० वॅट प्रभावी शक्ती आणि ३० मीटर उंचीचा मनोरा एवढीच मुभा असते. तेवढ्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशातही क्षितिज २० ते २५ किलोमीटरवर संपते. बेळगावच्या नैर्ऋत्येला डोंगरातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात पोहोचण्याची आशाच नको. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, पण हवामान, पाणी व वीजपुरवठा आणि आपत्तीच्या सूचना देता येतात. माझ्या मते ही तरतूद बातम्यांच्या मनाईपेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

प्रसार भारतीने देशातील कित्येक जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले असून आकाशवाणी आता मोबाईलवरही ऐकता येते. मात्र पुरात वीज जाऊन मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या की मोबाईल मुका होतो. ट्रान्झिस्टरला दोन सेल आणि दूरवर चालू असलेला एखादा प्रक्षेपक पुरतो.