नोंदींनी वाचवलेले खुबे

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमचा परिणाम. ती असलेल्या मुलाचा खुबा सहसा एका रात्रीत निखळत नाही. मांडीचे स्नायू ताठ राहतात, मूल पायांवर पुरेसा भार देत नाही आणि मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो. सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. लंगोट बदलताना पाय फाकेनासे होतात, मूल रडू लागतं, तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून केसपेपरवर नुसतं ‘सी.पी.’ लिहून भागत नाही. जिना धावत उतरणारी मुलगी आणि मानही न सावरणारा मुलगा, दोघांच्या कागदावर तीच दोन अक्षरं असतात. 1997 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी हालचालींच्या क्षमतेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिचं नाव जीएमएफसीएस. पहिल्या पायरीवरचं मूल आधाराशिवाय चालतं, पाचव्या पायरीवरच्या मुलाला धड सावरायलाही मदत लागते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला 2006 चा अभ्यास सांगतो, की पहिल्या पायरीवरच्या एकाही मुलाचा खुबा सरकला नव्हता. पाचव्या पायरीवर मात्र 90 टक्के मुलांचा सरकला होता. पायरीचा एवढा एक आकडा लिहिला असेल, तर एक्स-रे कुणाचा आणि किती लवकर काढायचा हे ठरवता येतं.

दक्षिण स्वीडनने खुब्यांची अशी नियमित तपासणी 1994 पासून करून दाखवली. फिजिओथेरपिस्ट ठरावीक काळाने मुलाचे सांधे किती अंश वळतात ते मोजतात आणि सगळीकडे सारखाच फॉर्म भरतात. मापापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येतो. एक्स-रेवर गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे ते काढतात. 33 च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. 40 ओलांडलं की बहुतेकदा शस्त्रक्रियेचा विचार, पण खुबा निखळण्याआधी. पूर्वी तिथे शंभरातल्या आठ-नऊ मुलांचा खुबा निखळायचा, नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. वेळेवर केलेली मोजणी आणि ती सगळ्यांना दिसणं, यांचा त्यात मोठा वाटा होता. मला हे वैद्यकातलं मोठं यश वाटतं.

आणखी एक नोंद हवीच: मूल ‘हो’ कसं म्हणतं? कुणी नजर वर नेतं, कुणी जीभ बाहेर काढतं. हे लिहिलेलं नसेल, तर रात्रपाळीच्या सिस्टरने ‘दुखतंय का?’ विचारलं, तरी उत्तर तिच्यापर्यंत पोचत नाही.

भारतातल्या बाल-अस्थिरोगतज्ज्ञांनी आणि सेरेब्रल पाल्सीच्या तज्ज्ञांनी 2022 मध्ये खुब्याच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. आपल्याकडे फाइल बहुधा आईच्या पिशवीत असते आणि ओपीडीतले डॉक्टर दर खेपेला बदलतात. तेव्हा डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहूनच घ्या: मुलाची पायरी, दोन्ही खुब्यांचे टक्के तारखेसह आणि पुढच्या एक्स-रेचा महिना.